लॅपटॉपची बंदरे आणि कोठारे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रथमच एक गोष्ट कबूल करतो. मी संगणकाचा अभियंता नाही. बी. ए., बी. एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा मी एक साधा शिक्षक आहे. मग लॅपटॉपवर बोलण्याचे धाडस मी का करावे? याचे उत्तर व्याख्यानाच्या उत्तरार्धात येईलच. तूर्त एवढेच सांगतो की, ज्याची बोटे भाजली आहेत त्याने चूल कुठे तापते हे इतरांना सांगण्यास हरकत नसावी.

गेल्या दोन-तीन वर्षांत विद्यार्थ्यांच्या घरी जाण्याचे बरेच प्रसंग आले. आपल्या भागात पुष्कळ घरांतून लॅपटॉप आलेला आहे. कुणाच्या चाचांनी दुबईहून पाठवला, कुणाच्या भावाने कुवेतहून येताना आणला, कुणी हप्त्याने घेतला. पण तो असतो कुठे? कपाटात, दुपट्ट्यात गुंडाळलेला. "सर, पोरं उगाच कुठेतरी वायर घालतील आणि जळून जाईल," असे एका मातेने मला सांगितले. तिची मुलगी बारावीत होती आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी ती दोन किलोमीटर चालत सायबर कॅफेत जात होती.

त्या भीतीची मी चेष्टा करीत नाही. चाळीस-पन्नास हजारांची वस्तू घरात दुसऱ्यांदा येत नसते. परंतु आपण भिण्याची जागा चुकवतो, असे माझे मत झाले आहे. लॅपटॉपच्या कडेला जी छिद्रे आणि खाचा आहेत त्यांना आपण फार भितो. वस्तुतः तिथे फारसे बिघडत नाही, आणि बिघडले तरी बहुधा दुरुस्त होते. उलट आत जे कोठार आहे, ज्याला ड्राइव्ह म्हणतात, त्याविषयी आपण अगदी निर्धास्त असतो. आणि तिथून गेलेली वस्तू पुष्कळदा कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. आज मला सांगावयाचे आहे ते हेच.

लॅपटॉपच्या कडेच्या खाचांना पोर्ट म्हणतात. इंग्रजीत बंदरालाही पोर्टच म्हणतात. किनाऱ्यावरच्या माणसांना ही कल्पना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. माझे अब्बा जहाजावर खलाशी होते. कोणत्याही बंदराचे नाव निघाले की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असत : तिथे पाणी किती खोल आहे, आणि तिथे काय उतरते, काय चढते? लॅपटॉपच्या प्रत्येक खाचेला हेच दोन प्रश्न विचारावेत. माल म्हणजे इथे तीनच गोष्टी : वीज, माहिती, आणि चित्र वा आवाज. काही बंदरांतून एकच माल जातो, काहींतून सारेच.

प्रथम विजेचे बंदर घेऊ. गोल तोंडाची पिन जिथे बसते ती चार्जिंगची खाच. चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत दोन ओळी छापलेल्या असतात, इनपुट आणि आउटपुट. इनपुटपुढे बहुधा १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते. याचा अर्थ असा की, आखातातून आणलेला चार्जर आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर निर्धास्त चालतो. अडचण असते ती फक्त पिनेची. दुबई, कुवेत, कतार येथे चौकोनी तीन पिनांचा प्लग असतो, तो आपल्या बोर्डात बसत नाही. मग घरोघर सैल कन्व्हर्टर लावलेले दिसतात, त्यांतून ठिणग्या उडतात आणि दोष लॅपटॉपवर येतो. पुष्कळ चार्जरांत भिंतीपासून ठोकळ्यापर्यंतची वायर वेगळी निघते. तेवढीच भारतीय पिनेची वायर घ्यावी, थोड्या पैशांत काम होते. आउटपुटची ओळ मात्र नीट वाचावी. तिथे सामान्यतः १९ किंवा २० च्या आसपास व्होल्ट असतात. दुसरा चार्जर घेताना व्होल्टचा आकडा जुन्याइतकाच हवा. अँपिअरचा आकडा तितकाच किंवा अधिक चालतो, कमी चालत नाही. आणि पिन तर तंतोतंत बसलीच पाहिजे.

याच खाचेची एक हकीकत सांगतो. आमच्या एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप बंद पडला. दुकानदाराने पाहून सांगितले, मदरबोर्ड गेला, नऊ हजार लागतील. वडील रिक्षा चालवतात. त्यांनी लॅपटॉप उचलून परत कपाटात ठेवला. मुलीने मला एवढेच सांगितले की, पिन एका बाजूला दाबून धरली की दिवा लागतो. दिवा लागतो म्हणजे आत जीव आहे! दुसऱ्या कारागिराकडे गेलो. चार्जिंगची खाच सैल झाली होती, ती बदलली. आठशे रुपये. पहिला दुकानदार लबाड होता की अडाणी, हे मी सांगू शकत नाही. पण त्या मुलीने पिन हलवून दिवा पाहिला नसता तर तो लॅपटॉप भंगारात गेला असता, हे नक्की.

आता यूएसबी. चपटी, आयताकृती खाच. पेन ड्राइव्ह, माउस, प्रिंटर सारे तिथेच लागते. १९९६ साली हिचे पहिले प्रमाण ठरले. त्यापूर्वी प्रिंटरला एक खाच, माउसला दुसरी, कीबोर्डला तिसरी, असा कारभार होता. हे सारे एका खाचेत आणण्याच्या कामात इंटेल कंपनीतले अजय भट्ट हे अग्रभागी होते. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालेले. ही पिन नेहमी उलटीच घातली जाते हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. दोन्ही बाजूंनी बसणारी केली असती तर खर्च दुप्पट झाला असता, असे भट्ट यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. तेव्हा पिन बसत नसेल तर जोर लावू नये, फिरवून घालावी.

खाचेच्या आत डोकावून पाहा. मधली जीभ निळी असेल तर ती बहुधा यूएसबी ३, म्हणजे २००८ नंतरची पिढी. काळी वा पांढरी असेल तर बहुधा यूएसबी २, म्हणजे २००० सालची. सारेच कारखानदार हा रंग पाळत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. फरक वेगाचा आहे. जुनीतून प्रत्यक्षात सेकंदाला तीस-चाळीस मेगाबाइट माल जातो, नवीतून चारशेपर्यंत. वीस गिगाबाइटचे व्हिडिओ एकीत दहा-अकरा मिनिटे घेतील, दुसरीत मिनिटभर. अर्थात गलबतही तसे वेगवान हवे. स्वस्त पेन ड्राइव्ह निळ्या खाचेत घातला म्हणून धावू लागत नाही. माउस आणि कीबोर्ड काळ्या खाचेत लावावेत, निळी मोकळी ठेवावी.

सर्वांत अधिक गोंधळ आहे तो टाइप-सीचा, म्हणून तिथे थोडा थांबतो. २०१४ साली आलेली ही लहान, लंबगोल खाच. कशीही घाला, बसते. युरोपीय संघाने कायदा करून मोबाइलसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ पासून हीच खाच चार्जिंगसाठी ठरवून दिली. पालकांना वाटते, खाच एकच म्हणजे काम एकच. तसे नाही. एखाद्या किनाऱ्यावर दोन खाड्यांची मुखे सारखीच दिसतात. पण एकीत मोठे जहाज शिरते आणि दुसरीत होडीसुद्धा गाळात रुतते. टाइप-सीचे तसेच आहे. काही लॅपटॉपांत तिच्यातून फक्त माहिती जाते, काहींत माहितीबरोबर चार्जिंग होते, काहींत यांखेरीज टीव्हीचे चित्रही जाते. स्वस्त लॅपटॉपात पुष्कळदा पहिलाच प्रकार असतो. खाचेशेजारी विजेची वा बॅटरीची खूण आहे का ते पाहावे, आणि खूण नसेल तर त्या विशिष्ट मॉडेलची माहिती वाचावी. दुकानदाराच्या "होईल हो सर" वर जाऊ नये.

मोबाइलच्या चार्जरने लॅपटॉप चार्ज होईल का, असे मुले हमखास विचारतात. खाच चार्जिंगची असली तर चार्जर आणि लॅपटॉप आपसांत किती वीज द्यावयाची ते ठरवतात. ५ व्होल्टपासून २० व्होल्टपर्यंतच्या पायऱ्या असतात. लॅपटॉपला ४५ किंवा ६५ वॉट लागतात, मोबाइलचा चार्जर वीस-तीस वॉटचा. त्यामुळे एक तर तो नाकारला जातो, नाही तर बॅटरी गोगलगाईच्या गतीने भरते. वायरचेही तसेच. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी वायर ६० वॉटपर्यंत चालते. त्याहून अधिक हवे तर १०० किंवा २४० वॉट असे लिहिलेली वायर घ्यावी लागते. आणि मोबाइलबरोबर मिळालेल्या पुष्कळ वायरींतून माहिती जुन्या यूएसबी २च्या गतीनेच जाते. वायर बारीक दिसते, पण ती बंदराइतकीच महत्त्वाची आहे.

चित्राची दोन बंदरे. निळ्या रंगाचे, तीन ओळींत पंधरा छिद्रे असलेले आणि दोन्ही बाजूंस स्क्रू असलेले ते व्हीजीए, १९८७ सालचे. त्यातून फक्त चित्र जाते, आवाज जात नाही. आमच्या शाळेत प्रोजेक्टर लावल्यावर दर वर्षी कुणीतरी "सर, आवाज येत नाही" म्हणून ओरडतेच. दुसरे एचडीएमआय, यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. घरच्या टीव्हीला हीच खाच असते. एका वायरीने मुलांचा अभ्यासाचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर येतो आणि घरची चार मुले एकत्र बसून शिकू शकतात. याचा उपयोग आपण जवळजवळ करीतच नाही, याचे मला वाईट वाटते.

बाकीची थोडक्यात. टेलिफोनच्या खाचेहून रुंद, आत आठ तारांच्या जोडण्या असलेली ती लॅनची. वायफाय दगा देते तेव्हा ऑनलाइन परीक्षेला तिच्यासारखा आधार नाही. गोल, बारीक छिद्र हेडफोनचे. पातळ फट असेल तर ती मेमरी कार्डाची. एका कडेला एक लहानशी आयताकृती भोके मारल्यासारखी खाच असते. तिच्यात टाचणी घालून लॅपटॉप रीसेट होतो अशी मुलांत समजूत आहे. ती कुलपाची खाच आहे. सार्वजनिक ठिकाणी लॅपटॉप पोलादी दोरीने टेबलाला बांधण्यासाठी ती असते, तिच्यात काहीही होत नाही. आणि जाळी दिसते ते तर बंदरच नव्हे. ती आतल्या पंख्याची खिडकी. गादीवर लॅपटॉप ठेवून ती खिडकी बुजवू नका.

असो. किनारा पाहून झाला, आता कोठाराकडे वळू.

पालकांची पहिली गफलत इथेच होते. पेटीवर ८ जीबी आणि ५१२ जीबी असे दोन आकडे असतात. पहिला रॅमचा, ते काम करण्याचे टेबल, वीज गेली की रिकामे होते. दुसरा ड्राइव्हचा, ते कपाट, वीज गेली तरी भरलेले राहते. टेबल मोठे म्हणून कपाट मोठे असे नाही. अगदी स्वस्त लॅपटॉपांत ६४ जीबीचे कपाट असते आणि तेही मदरबोर्डावरच डाकलेले, बदलता येत नाही असे. विंडोज ११ची किमान अटच ६४ जीबीची आहे. म्हणजे घरमालकाचेच सामान लावता लावता खोली भरली, तुमची वही ठेवायला जागा उरली नाही. स्वस्त म्हणून ते घेऊ नका. त्यापेक्षा चांगल्या स्थितीतला जुना घ्यावा.

आणखी एक. ५१२ जीबीचा ड्राइव्ह घरी आणल्यावर विंडोज त्यात ४७६ दाखवते आणि दुकानदाराने फसवले अशी तक्रार येते. फसवलेले नसते. कारखानदार हजाराने मोजतो आणि विंडोज १०२४ने. शेर आणि किलोसारखा प्रकार आहे. मात्र दोन टेराबाइटचा पेन ड्राइव्ह चारशे रुपयांत मिळत असेल तर ती फसवणूकच समजावी. तो आकडा खोटा दाखवतो, आणि खरी जागा भरली की तुमच्या फायली मुकाट्याने नष्ट करतो.

ड्राइव्ह दोन जातींचे. जुनी हार्ड डिस्क आणि नवी एसएसडी. हार्ड डिस्कचा इतिहास मला, इतिहासाचा शिक्षक म्हणून, फार आवडतो. १९५६ साली आयबीएमने पहिली काढली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, आकार मोठ्या कपाटाएवढा, आणि साठवण सुमारे पाच मेगाबाइट. आज तुम्ही मोबाइलवर काढलेला एखादा फोटोच तेवढा असतो. लॅपटॉपातल्या हार्ड डिस्कमध्येही तबकडीच फिरते, बहुधा मिनिटाला ५४०० वेळा, म्हणजे सेकंदाला नव्वद फेरे. तिच्यावरून वाचणारे टोक केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अशा अंतरावरून तरंगत जाते. म्हणून हार्ड डिस्कचा लॅपटॉप चालू असताना उचलून आपटत नेऊ नये. आतून कट्-कट् असा आवाज येऊ लागला तर ती शेवटची सूचना समजावी. लॅपटॉप तत्काळ बंद करावा, आणि चालू करून पुन्हा पुन्हा पाहू नये. प्रत्येक वेळी ते टोक तबकडी खरवडत असू शकते.

एसएसडीत फिरणारा भागच नाही, सारे चिपमध्ये. म्हणून ती वेगवान आणि धक्क्याला चिवट. जुना, रडतखडत चालणारा लॅपटॉप तुमच्या घरी असेल आणि त्यात हार्ड डिस्क असेल, तर ती काढून अडीच इंची एसएसडी बसवावी. नवा लॅपटॉप घेण्याआधी हे करून पाहावेच. नव्या लॅपटॉपांत एसएसडी च्युइंग गमच्या पट्टीसारखी असते, बावीस मिलिमीटर रुंद, पुष्कळदा ऐंशी लांब, एका स्क्रूने बसवलेली. तिला एम डॉट टू म्हणतात. तिच्याही दोन भाषा आहेत, साटा आणि एनव्हीएमई; दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असे नाही. विकत घेण्याआधी लॅपटॉपला कोणती समजते ते पाहावे.

एसएसडीचा एक दोष मात्र आहे. ती मरताना आवाज करीत नाही. काल चालत होती, आज नाही. आणि तिच्यातली फाइल कायमची पुसली की जागा आतून साफ केली जाते. जुन्या हार्ड डिस्कमधून पुसलेले कित्येकदा परत काढता येई, तसे इथे बहुधा येत नाही.

आता सी आणि डी. ही अक्षरे कुठून आली? पूर्वी ए आणि बी ही फ्लॉपीची नावे होती. त्यामुळे हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आले. फ्लॉपी गेली, नाव राहिले. पुष्कळ दुकानदार नवा लॅपटॉप देताना एकाच ड्राइव्हचे दोन भाग करून देतात आणि सांगतात, "महत्त्वाचे सारे डीमध्ये ठेवा, तिथे सेफ असते." मीही ते खरे मानले.

इथे तो सुरुवातीचा प्रश्न येतो. माझ्या लॅपटॉपात एक टेराबाइटची हार्ड डिस्क होती. सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, विद्यार्थ्यांच्या गुणांच्या याद्या, घरचे फोटो, सारे सीवर होते आणि त्याची प्रत डीवर. मी स्वतःला फार काटेकोर समजत असे. अब्बा थकल्यावर मी त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करू लागलो होतो. कोणत्या बंदरात काय पाहिले, पहिल्या सफरीत किती रडू आले, माझ्या आजीने निघताना कशात काय बांधून दिले होते. रोज रात्री जेवणानंतर थोडे थोडे, असे दीड वर्ष. तेही सीवर आणि डीवर. २०१८ साली अब्बा गेले. २०१९च्या पावसाळ्यात लॅपटॉपातून कट्-कट् असा आवाज येऊ लागला. मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. मी बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. दिवसभर. शेवटी मुंबईला नेला. तिथल्या माणसाने सांगितले की, सी आणि डी ही एकाच तबकडीवर आखलेली दोन शेते होती. बांध मधे होता, पण जमीन एकच, आणि ती मी दिवसभर नांगरली. काही फोटो निघाले. आवाज एकही निघाला नाही.

अकरा मिनिटांचा एक तुकडा मात्र आज माझ्याजवळ आहे. तो मी एकदा सहज कुवेतला बहिणीला मोबाइलवर पाठवला होता, आणि तिने तो जपून ठेवला होता.

म्हणून माझी विनंती आहे की, डीवरची प्रत ही प्रत समजू नका. एका घराच्या दोन खोल्या म्हणजे दोन घरे नव्हेत. तुमचा लॅपटॉप उघडून पाहा, टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्स या पानावर खरे ड्राइव्ह किती आहेत ते दिसते. 'डिस्क ०' एकच असेल आणि तिच्याखाली सी, डी लिहिले असेल, तर सारे एकाच टोपलीत आहे. जाणकार सांगतात, प्रती तीन, त्या दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आपल्या ऐपतीत हे असे बसते : एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर जी एरवी कपाटात राहील (दुपट्ट्यात गुंडाळावयाची वस्तू ती!), आणि अगदी निवडक गोष्टींची एक प्रत इंटरनेटवरच्या साठ्यात किंवा दूरच्या नातलगाकडे. मार्कलिस्ट व दाखल्यांसाठी २०१५ साली सरकारने डिजिलॉकर सुरू केले आहे; आपल्या राज्याच्या मंडळाची गुणपत्रकेही तिथे मिळतात. विद्यार्थ्यांनी ते आजच उघडावे.

पेन ड्राइव्हला मी प्रत मानीत नाही. ती होडी आहे, माल इथून तिथे नेण्यासाठी. ती हरवते, मोडते, धुण्यात जाते. तिच्यावर माल चढत असताना ती ओढून काढू नये. २०१८पासून विंडोजची मूळ मांडणी अशी आहे की, लिहिणे पुरे झाले असेल तर नुसती काढली तरी चालते. पण पुरे झाले की नाही हे आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. 'इजेक्ट' करावयास दोन क्षण लागतात. आणि सायबर कॅफेत लावून आणलेला पेन ड्राइव्ह घरी उघडल्यावर साऱ्या फायलींच्या जागी शॉर्टकट दिसले तर घाबरून फॉरमॅट करू नका, त्या शॉर्टकटांवर टिचकीही मारू नका. तो एक नेहमीचा व्हायरस आहे. फायली बहुधा तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. आमच्या शाळेत दोन मुलांनी घाबरून फॉरमॅट केले आणि प्रकल्प गमावले. रस्त्यात सापडलेला पेन ड्राइव्ह तर लावूच नये. २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट नावाचा व्हायरस इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रांपर्यंतही पेन ड्राइव्हवरून पोचू शकत होता. इराणच्या नतांझ येथील अणुकेंद्रातली यंत्रे त्यानेच बिघडवली.

मातापित्यांशी एक गोष्ट विशेष बोलावयाची आहे. लॅपटॉप दुरुस्तीला देता किंवा जुना म्हणून विकता, तेव्हा तुमच्या घरातले फोटो, आधारची प्रत, मुलींची छायाचित्रे असलेले ते कोठारही तुम्ही परक्याच्या हाती देत असता. पडदा किंवा कीबोर्ड दुरुस्त करावयाचा असेल तर ड्राइव्ह काढून घेता येतो का ते विचारा; पुष्कळ लॅपटॉपांत येतो. विकताना नुसते डिलीट करू नका. सेटिंग्जमध्ये रीसेट आहे, त्यात सारे काढून ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा, वेळ लागला तरी लागू द्या. नव्या लॅपटॉपांत ड्राइव्हला आपोआप कुलूप लागलेले असण्याचा संभव असतो. दुरुस्तीनंतर यंत्र अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागते आणि ती कुठे आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसते. ती बहुधा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते जे लॅपटॉप प्रथम सुरू करताना उघडले गेले. ते खाते दुकानदाराच्या पोराने स्वतःच्या नावाने उघडले असेल, तर कोठार तुमचे आणि किल्ली त्याची. तेव्हा खाते घरच्याच माणसाच्या नावाने उघडा, आणि ती किल्ली कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

माझे बोलणे लांबले आहे, पुढे बक्षीस समारंभ आहे. ज्यांना लॅपटॉप आणावयास सांगितले होते त्यांनी तो मागच्या संगणक खोलीत पहिल्या दोन बाकांवर ठेवावा. नववी-दहावीची आठ मुले-मुली तिथे थांबली आहेत. ती प्रत्येक खाचेत माउस लावून पाहतील, डिस्क एक आहे की दोन ते तुम्हांला दाखवतील. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क मी आणल्या आहेत. ज्याच्याजवळ घरातल्या थोरांचा आवाज किंवा फोटो फक्त एकाच ठिकाणी आहेत, त्याने कृपया प्रथम माझ्याकडे यावे.